ऱ्हस्व ओ
सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला की तेलुगू मुलखातल्या बेला गावची शाळा आठवते. कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी निनावी पत्रक निघालं होतं. त्यात ‘पोराटम’, म्हणजे लढा, हा तेलुगू शब्द चुकून ऱ्हस्व ओने लिहिलेला. तेलुगूत ओ दोन, मराठीत एकच; म्हणून ही चूक मराठी माणसाचीच असं धरून पोलीस जमादाराने शाळेतल्या तिन्ही मराठी मास्तरांपुढे तो शब्द लिहायला कागद ठेवले. “लिखो मास्तर, देर कायकू करता?” दोघांनी ऱ्हस्वच लिहिला. तिसरे माझे बाबा. दीर्घाची खूण मी बाबांना शिकवली होती. ती दिली असती तर ते सुटले असते. बाबांनी त्या दोघांकडे पाहिलं आणि ऱ्हस्व लिहिला. “आमी असंच लिहितो, साहेब.” “मतलब सबीच!” म्हणत जमादाराने मला बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आता मला तेलुगू नीट येतं, पण पत्रकावर तो शब्द मी ऱ्हस्वच लिहिते.