आवाज करणारा खडक

बाबा माझ्याशी जे मराठी बोलतात ते त्यांचं नाही. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि मी त्यांना गावाहून बंगलोरला, सर्जापूर रोडवरच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले, त्यानंतर.

आम्ही कोळी. बाबा आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर चालायची. आमची जाळी डोलीची. समुद्राच्या तळात लाकडाचे लांब खुंट ठोकलेले असतात आणि त्यांना ही पिशवीसारखी जाळी बांधतात. खुंट पाण्याखाली, वरून काही दिसत नाही. मग ते सापडायचे कसे? तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागे एक आल्या की एक रेष ठरायची. दुसरीकडच्या दोन खुणा जुळल्या की दुसरी. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे आपला खुंट. आता सगळ्यांकडे जीपीएस आहे, त्यामुळे खुणा कुणाला लागत नाहीत. मच्छीमार सोसायटीने जुन्या ऑफिसच्या दोन खोल्यांत होडीचे भाग, जाळी, नांगर असं मांडायला घेतलं आहे. तिथे भिंतीवर खुणांचा एक नकाशा लावायचा आहे. त्या पिढीतले दोघेच उरलेत. एक बाबा, दुसरे त्यांच्या होडीवरचे जुने खलाशी, जे आता गावात मुलीकडे असतात.

हे काम करणारी, गावातच राहणारी माझी चुलत बहीण. तिने फोन केला तेव्हा मला बरंच वाटलं. निदान हे तरी मला जमेल, असं वाटलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तेव्हा बोलणं राहीलच असं नाही. आताही कधीकधी त्यांना शब्द सापडत नाही. चमचा मागायचा असतो आणि ते नुसते हाताकडे बघत राहतात.

शनिवारी सकाळी त्यांना बाल्कनीत खुर्चीवर बसवलं आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. समोर तीन टॉवर आणि अर्ध्यावर थांबलेला चौथा.

"बोला बाबा. पहिला खुंट कसा शोधायचा?"

त्यांनी घसा साफ केला. "आपण नौका घेऊन पश्चिमेस जावे. तिथून एक डोंगर दिसतो. त्या डोंगराला एक खाच आहे. मंदिराचा कळस त्या खाचेत आला, की..." ते थांबले. "की मग दुसरीकडे पाहावे. तिथे एक खडक आहे. भरतीच्या वेळी आवाज करणारा."

नौका! आमच्या घरात कुणी कधी नौका म्हटलं नव्हतं. मी तेच शब्द ठेवले. सगळं टाइप करून बहिणीला पाठवलं. दहा मिनिटांत तिचा फोन.

"हे काकांनी सांगितलं की तू भूगोलाच्या पुस्तकातून उतरवलंस?"

"त्यांनीच सांगितलं."

"आवाज करणारा खडक म्हणजे कुठला गं बाई? पादऱ्या?"

"काय?"

"पादऱ्या! भरतीचं पाणी खालून शिरलं की पादतो तो. अख्ख्या गावाला माहीत आहे." ती इतकी हसली की मी फोन कानापासून लांब धरला. मग म्हणाली, "बरं, तो समजला. पण ही खाच कुठली? इथून डोंगर बघितला तर पाच-सहा खाचा दिसतात. समुद्रातून कुठली दिसते ते मला कुणी सांगणार? तिला नाव असेल ना काहीतरी. नाव विचार."

मी विचारलं. बाबा म्हणाले, "नाव असं काही नाही, बेटा. खाचच म्हणायचो."

बेटा. चुलत बहिणीला ते 'बाय' म्हणतात, गावातल्या सगळ्या मुलींना बाय. बेटा फक्त मी. मी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत तिसरीत होते. पालकसभेला बाबा आले आणि कुणालातरी "आमची होरी" असं काहीतरी सांगत होते. मागे दोन मुली हसल्या. घरी जाताना मी म्हटलं, "बाबा, तुम्ही शाळेत असं नका बोलू." एवढंच. ते रागावले नाहीत. त्यांनी मनाला लावून घेतलं असंही तेव्हा दिसलं नाही. पण त्यानंतर माझ्याशी बोलताना होरी आली नाही. होडी आली, मग हळूहळू नौका, मासळी, कृपया. कुठून शिकले कोण जाणे. बहुतेक रेडिओवरच्या बातम्यांतून.

गंमत म्हणजे इथे येऊन त्यांनी कानडी उचललं. व्यायाम करून घ्यायला जयनगरहून एक बाई येतात. त्या म्हणतात, "अंकल, स्वल्प, स्वल्प." आता बाबाही चहा मागताना स्वल्प, म्हणजे थोडा, म्हणतात आणि जेवण झालं की सरी, म्हणजे ठीक. त्याची त्यांना लाज वाटत नाही.

एकदा मी धीर करून म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्याशी गावासारखं बोला ना. रेकॉर्डिंगपुरतं."

ते खरंच प्रयत्न करायला लागले. तोंड उघडलं, मिटलं. मग ओशाळं हसले. "तुझ्यासमोर येत नाही गं ते."

शेवटी बहिणीने त्यांच्या जुन्या खलाशांना फोन लावून दिला. मी बाबांच्या हातात फोन दिला, स्पीकर चालू केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझा दुसरा फोन टेबलावर रेकॉर्ड करत होता. बाबांना ते मी सांगितलं नाही.

"मेलास का हायेस रं?" पलीकडून आवाज आला.

"आजून हाय. तुजीच वाट बगतंय."

आणि मग बाबा बोलायला लागले. मी गॅस बंद केला, कारण कुकरच्या आवाजात काही निसटायला नको होतं. आवाज वेगळा, जाड. एकही शब्द अडला नाही. "म्हातारीच्या दातान कलस घुसला, आन् तिकडं पादऱ्या ताडांच्या मागं गेला, का टाक दोर. आठवतंय का तुना?"

"आठवतंय काय! एकदा तू चुकलास आन् दुसऱ्याच्या खुट्याला जाला बांधलास. तो कोयता घेऊन आलेला!"

"मी न्हय चुकलो. तू झोपलेलास!"

म्हातारीचा दात. खाचेला नाव होतं तर. पुढचा पाऊण तास त्यांनी किती खुणा सांगितल्या ते मला मोजता आलं नाही, कारण निम्मे शब्द मला कळलेच नाहीत. वाऱ्याची नावं असावीत, किंवा माणसांची. माझ्याच वडिलांचं बोलणं मी परक्या भाषेसारखं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी न कळलेले शब्द विचारायला मी ते रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. ही माझी चूक. स्वतःचा आवाज ऐकून आधी ते हसले. मग पादऱ्या आला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली.

"हे तू ऐकलंस?"

"हो. छान आहे बाबा. हेच हवंय त्यांना."

"हे काढून टाक."

"का?"

"गावंढळ वाटतं. भिंतीवर लागणार. लोक वाचतील, तांडेलाची मुलगी बंगलोरला असते आणि बाप असा बोलतो." त्यांनी चांगल्या हाताने फोन माझ्याकडे सरकवला. "काढ, बेटा."

मला खूप काही म्हणायचं होतं. तिसरीतलं ते वाक्य मागे घ्यायचं होतं. पण त्यांना ते आठवत नसेल तर आठवण करून देणं झालं असतं, आणि आठवत असेल तर माफी मागून आता काय होणार होतं? मी फोनकडे बघत म्हटलं, "काढलं."

काढलं नाही. पण ते मी कुणाला पाठवलेलंही नाही. बहिणीने फोनवर दोनदा विचारलं. त्यांनी नको म्हटलेलं त्यांच्या पाठीमागे भिंतीवर लावायचं, हे मला जमत नाही. आणि जे शब्द मला कळले नाहीत ते आता विचारायचे तरी कुणाला? खलाशीकाकांना फोन केला तर तेही म्हणाले, "तुमाला काय सांगायचं ताई, आमचं आपलं कायतरी." मला. ताई. तुम्ही.

रेकॉर्डिंग ऐकवलं त्याच संध्याकाळी बाबांनी मला लॅपटॉप घेऊन बसायला सांगितलं होतं. त्यांना पुन्हा सगळं सांगायचं होतं, नीट. मी टाइप करत गेले. डोंगर. खाच. मंदिर. आवाज करणारा खडक. मध्ये एका ठिकाणी त्यांना शब्द सापडेना. मला तो माहीत होता, कालच ऐकला होता. मी तो म्हटला नाही. ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिथे एक वस्तू आहे, असं लिही."

मी लिहिलं.

"वाच."

मी वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, एकेका वाक्याला मान हलवत.

"आता कुणालाही कळेल," ते म्हणाले. "पाठव तिला."