साडेबाराचा कोन

काल भिंतीवरचं घड्याळ उघडलं, तेलाचा वास आला आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले सिंधी घड्याळजी आठवले. अंबरनाथच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी माझी परीक्षा होती. आदल्या दिवशी मी त्यांना ठामपणे म्हणालो, “दादा, साडेतीनला काट्यांमधला कोन नव्वद अंश.”

“बडा काटा चलेगा, तो छोटा क्या सोया रहेगा?” असं म्हणत त्यांनी माझ्याच हातानं तीनपासून काटे फिरवून घेतले. लहान काटा पंधरा अंश सरकला. कोन पंच्याहत्तर उरला.

परीक्षेत साडेबाराचा कोन विचारला. मी एकशे पासष्ट लिहिलं. नोकरी लागली, तिच्यावरच संसार झाला.

पेढे घेऊन गेलो, तेव्हा दादांनी आधी घड्याळात साडेबारा लावून उत्तर तपासलं, मगच पेढा तोंडात टाकला. तेव्हा मला हसू आलं. पुढे नोकरीभर मीही तसंच तपासत आलो.