ऑईलमध्ये चुरा सापडला नाही

भूतखेत, लागीर, करणी... यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे वडील आचऱ्याच्या शाळेत मास्तर. भुताची गोष्ट कोणी काढली की त्याला उलट इतके प्रश्न विचारायचे की तो बिचारा चहा न घेता उठायचा. त्यांची मुलगी मी. तेव्हा हे वाचून कोणी मला "काकू, शांती करून घ्या" असं कळवू नये. शांती-बिंती करायची नाही मला. मला फक्त कारण हवंय.

साल साठच्या आगेमागे. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे रत्नागिरीतच मोडायचो. मी लग्न होऊन मालवणजवळ कट्ट्याला आले ती दुसरेपणावर. ह्यांची पहिली बायको शेवंती तापाने गेली होती. मूलबाळ नव्हतं. वाटलं, चला, निदान सावत्रपणाचा जाच नाही. कसला नाही! लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाक घातला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते — टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. आधीची बायको वारली की तिच्या नावाचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा. नवं लुगडं आणलं तर आधी टाकाला दाखवायचं, सणाला पहिला घास टाकाच्या नावाने काढायचा. म्हणजे मेलेली सवत मढवून छातीवर घेऊन हिंडायचं! आकृती मात्र सुबक होती हो. नाकातली नथसुद्धा वेगळी दिसायची. मला ती नथ डोळ्यांत खुपायची.

हे तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. पुढे स्वतःचा नवा ट्रक घेतला. कोल्हापूरहून घेऊन आले, अंगणात उभा केला, अख्खा गाव लोटला. मी आरती घेऊन पुढे झाले आणि बघते तर काय, ट्रकच्या कपाळावर ठळक अक्षरांत रंगवलेलं — 'शेवंती'. हे म्हणाले, स्वतःची गाडी व्हावी हा तिचा ध्यास होता. असेल! पण पहाटे उठून भाकऱ्या बांधून कोण देत होतं? माझं डोकंच फिरलं. चार माणसांत गळ्यातला टाक काढला आणि ह्यांच्या हातावर ठेवला.

"नाव तिचा घातलात, तर टाक पण तिकाच घाला."

सासूबाई मट्कन खालीच बसल्या. ह्यांनी टाकाला लाल दोरा ओवला आणि केबिनमध्ये समोरच्या काचेवर, देवाच्या तसबिरीशेजारी बांधून टाकला. ह्यांनी तो इतक्या हळुवार बांधला, की माझा जळफळाट दुप्पट झाला.

मग सुरू झालं ते 'रनिंग'. नवं इंजिन असलं की सुरुवातीला आतले भाग एकमेकांवर घासून नीट बसावे लागतात. तोवर गाडी हळू चालवायची, अर्धाच माल भरायचा, चढावर रेटायची नाही. घासलेल्या लोखंडाचा बारीक चुरा ऑईलमध्ये उतरतो, म्हणून पहिलं ऑईल लवकर बदलायचं, दुसरंही लवकरच. हे सगळं मला कसं ठाऊक? दिवसरात्र दुसरं ऐकलंच नाही ना घरात! खारेपाटणपर्यंत नारळ घेऊन जायचे ते इतक्या सावकाश, की सायकलवाले पुढे जाऊन वळून हसायचे. घरी आले की आधी बॉनेटला हात लावून बघणार, तापलीय का. मी तापाने फणफणले होते तेव्हा माझ्या कपाळाला हात लावला नव्हता या माणसाने. आणि मी म्हटलं, मला आचऱ्याला आईकडे सोडा, तर म्हणे, इतक्यात नको, लोड वाढतो. माझा लोड!

पहिलं ऑईल बदलायला कणकवलीहून बाबल मेस्त्री आला. शेजारची माणसं रिकामे डबे घेऊन आधीच हजर — जळकं ऑईल वाशांना फासलं की वाळवी लागत नाही. मेस्त्रीने खालचा बोल्ट काढला आणि घमेल्यात ऑईल उतरलं... स्वच्छ. डिझेलच्या गाडीचं ऑईल काळंकुट्ट यायला हवं. हे गोडेतेलासारखं पिवळं. मेस्त्रीने बोटांवर चोळलं, उन्हात धरून बघितलं, मग त्यात लोहचुंबक फिरवलं. त्याला कणही चिकटला नाही. त्याने मैलांचा काटा बघितला, गाडी तर भरपूर धावलेली, आणि ह्यांच्यावरच उखडला.

"घासलेलो चुरो खंय गेलो मगे?"

सगळे हसण्यावारी घेऊन पांगले. मी केबिन पुसायला म्हणून वर चढले, टाकाकडे सहज लक्ष गेलं. नथ नव्हती. नाक, डोळे सगळं पुसट झालेलं.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? भूत? छे! मला वाटलं, हा माणूस गाडी चालवताना अंगठ्याने तिला कुरवाळत बसतो! अंगाची अशी लाही झाली म्हणून सांगू... मी टाक सोडला, औषधाच्या रुंद तोंडाच्या एका बाटलीत टाकला, बूच बसवलं, वरून लाख ओतून पक्कं केलं, आणि बाटलीच टांगली तिथे. म्हटलं, घ्या आता कुरवाळून. ह्यांनी बघितलं, हसले, आणि फोंड्याच्या बाजूला निघून गेले.

दुसऱ्या खेपेला मेस्त्री आला तेव्हा मी मुद्दाम समोर उभी राहिले. ऑईल पुन्हा तसंच पिवळं. मी केबिनमधून बाटली काढून आणली. लाख शाबूत होती, तिला कुठे चीर नाही. आतला टाक मात्र सपाट! ना तोंड, ना हातपाय... नुसता गुळगुळीत पत्रा. आणि बाटलीच्या तळाशी काळसर चुरा.

मेस्त्रीने बाहेरूनच काचेला लोहचुंबक लावलं. चुरा सरसर वर चढला.

पुन्हा वाचा हवं तर. टाक चांदीचा. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे मास्तरांच्या मुलीला सांगायला नको. मेस्त्रीने चुंबक खिशात घातलं, मजुरी न घेता चालायला लागला, आणि पुढे कधी त्या गाडीला हात लावला नाही. लावायची वेळही आली नाही म्हणा. ट्रक विकेपर्यंत त्याचं इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही.

ह्यांनी बाटली फोडली, टाक तळहातावर घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जिती आसतानाय अशीच होती गो. माका कसली झळ लागूक देय नाय."

त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती ना? मला रडू आलं ते रागाने. मेली तरी त्याच्यासाठी झिजत होती बया, आणि मी जिवंत असून त्याच्याशी भांडत बसले होते. कशी जिंकणार मी हिच्याशी?

मी टाक ह्यांच्या हातातून ओढून घेतला आणि गळ्यात बांधला. म्हटलं, आता बस माझ्यापाशी, त्याच्या वाटेला जायचं नाही. ह्यांनी मला त्या दिवशी गाडीत बसवून आचऱ्याला नेलं. इंजिन इतकं मऊ चाललं होतं, की मी वाटभर ओठ चावत बसले होते.

पुढे संसार झाला, मुलं झाली, भांडणंही रग्गड झाली. हे गेले तेव्हा मी मंगळसूत्र उतरवलं, टाक नाही उतरवला. मालवणच्या सोनाराला मी दर दोन-चार वर्षांनी तो दाखवते, वजन करायला लावते. तो म्हणतो, इतकी वर्षं अंगावर वापरलेली चांदी थोडी तरी झिजायला हवी काकू. हा टाक होता तेवढाच आहे. माझ्याकडे आल्यापासून ती कणभरही झिजलेली नाही.