गोंदताना फुंकलेली चूल

एरंडेलाच्या दिव्याची काजळी नाकात शिरली की मला सासरचं ते गोंदण आठवतं. शाळा चौथीतच सुटली नि मी नागभीडकडून थेट गडचिरोलीच्या जंगलातल्या गावी नांदायला आले. माहेरी गोंदताना सुईला भिऊन मी अर्ध्यातून पळाले होते, म्हणून मनगटावर अर्धंच फूल होतं. नदीवर बाया त्यावरून हसायच्या. मग एक दिवस गोंदणारीण अंगणात काजळी कालवत बसली, सासूबाईंनी माझा हात धरला, नि माझं अंग लाकडासारखं ताठ झालं. "मले नाई जमत, बाई," मी रडवेली झाले. गोंदणारीण म्हणाली, "ताठ राह्यली तं जास्त दुखन. चूल फुंकतं ना पोरी? तशीच फुंक, हळूहळू." सासूबाईंनी घरातून फुंकणीच आणून दिली. मी लांब श्वास घेऊन फुंकत राहिले; खांदे सैल पडले, सुईची आग सोसवू लागली. तेवढ्यात फुंकणीतली राख सासूबाईंच्या तोंडावर उडाली. "अवो, मलेच चूल समजून राह्यली हे पोरगी!" अंगणात जमलेल्या बाया खदखदून हसल्या, मीही हसले. हसू ओसरलं तेव्हा फूल पुरं झालं होतं, नि माझा जीव हलका. आता दूर शहरातल्या दवाखान्यात सुई दिसली की माझे ओठ आपोआप गोल होतात. नर्सबाई विचारते, "आजी, काय फुंकता?" मी म्हणते, "चूल, बाई. तू टोच."