अर्ज आणि अध्यक्ष

लंडनमधल्या पिनरच्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत. अध्यक्षपदावरून मात्र अजून निवृत्त नाहीत. इंग्रजी अमलात आपले पहिले राजकीय पक्ष कसे उभे राहिले, यावर ते दर गणपतीत बोलतात. आम्ही ऐकतो, कारण जेवण त्यानंतर असतं.

चष्म्याची डबी टेबलावर आपटत ते म्हणतात, "लोकांनी नुसते अर्ज केले हो! आणि साहेब काय म्हणाला? तुम्ही अजून तयार नाही! अनबिलिव्हेबल!"

यंदा आम्ही सह्या गोळा करून अर्ज दिला, की मंडळात एकदा तरी इलेक्शन घ्या. त्यांनी तो वाचला, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि मायेनं माझ्या खांद्यावर हात टाकला.

"घेऊ की. पण आपले लोक अजून तयार नाहीत रे."

साहेबानं निदान खांद्यावर हात तरी टाकला नसेल.