पंख्याखालचे पगारी चित्रकार

रंगाचे डबे संपतात, ब्रशचे केस गळतात, पण आमच्या स्टुडिओतले किस्से काही संपत नाहीत! एक सांगून होईपर्यंत मुलं दुसरा तयार ठेवतात. परवा एका मैत्रिणीने विचारलंच, "तू तिथे शिकवतेस की टाइमपास करतेस?" खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही.

स्टुडिओ म्हणजे अंधेरीला, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. आसपासच्या वस्त्यांमधली सोळा-सतरा वर्षांची मुलं कॉलेज आटपून दुपारी येतात, खऱ्या गिऱ्हाइकांची खरी कामं करतात आणि महिन्याला पगार घेतात. डिझाइन मी शिकवते. अक्षरं शिकवतात लॉरेन्स सर. सर इथल्याच गावठाणातले, उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेलं.

*

धनश्रीचा इंटरव्ह्यू मी घेतला होता. नेहमीचा प्रश्न टाकला, "तुला आर्टमध्ये का यायचंय?"

"ताई, खरं सांगू? मला एसीत बसायचंय."

मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे एसी नाहीये."

तिने मान वर करून गाळा नीट न्याहाळला. "मग त्या पंख्याखाली कोण बसतं?"

"अजून कोणी नाही."

"मी बसते. सोमवारपासून येऊ ना?"

एवढा आत्मविश्वास मला वयाच्या चाळिशीतही आलेला नाही. घेतलं तिला!

*

प्रथमेश घाटकोपरचा, घरचे मूळचे मालवणकडचे. पहिला पगार त्याने आईच्या हातात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आई स्टुडिओच्या दारात हजर!

"चित्रां काढूक पगार? माका बघूचा हा."

मी खुर्ची दिली. प्रथमेश एका बेकरीचा लोगो करत होता. एकच पाव, पुन्हा पुन्हा. हा फुगीर झाला, तो चपटा झाला, हा उशीसारखा दिसतोय. माऊली दोन तास बघत बसली. मला वाटलं, आता ही पोराला कानाला धरून घरी नेणार.

ती उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "घरात ह्यो मेलो दोन मिन्टां एका जाग्यार बसना नाय. तुम्ही दोन तास बसवलात. पगार तुमका मिळाक होयो!"

*

दातांच्या एका डॉक्टरांना क्लिनिकसाठी हसरा दात हवा होता. काम सलोनीकडे गेलं. तिने गुबगुबीत दात काढला, त्याला डोळे काढले आणि मस्त तोंडभर हसू दिलं. तोंडात बत्तीशी!

डॉक्टर चष्मा सावरत म्हणाले, "दाताला दात कसे असतील?"

"मग तो हसणार कसा, सर?"

डॉक्टरांनी चित्र जवळ घेतलं. मग म्हणाले, "आणि हा डावीकडचा दुसरा किडलेला वाटतोय."

सलोनी म्हणाली, "म्हणून तर तो तुमच्याकडे आलाय ना!"

फायनल! एकही करेक्शन नाही.

*

लॉरेन्स सरांचा एक मंत्र आहे. "अक्षरं खेटवू नका रे, त्यांना ऐसपैस बसू द्या."

बोरिवलीच्या एका सोसायटीची कंपाउंडची भिंत होती. लिहायचं होतं, 'येथे कचरा टाकू नये'. प्रथमेशने सरांचा मंत्र इतका मनावर घेतला, की 'येथे कचरा टाकू' एवढ्यातच भिंत संपली! सर कपाळाला हात लावून म्हणाले, "वाट लागली. चल, आधी जेवून येऊ, मग बघू."

जेवून आले, तर भिंतीखाली कचऱ्याच्या दोन पिशव्या. आणि एक काकू तिसरी ठेवत होत्या.

सर भडकले. "काकू, वाचता येत नाही काय?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "वाचूनच टाकतेय!"

शेवटी 'नये' गेटच्या खांबावर गेलं, लालभडक. आता गेटवर ते एकटंच आहे. वॉचमन सांगतो, सेल्समन यायचे कमी झालेत.

*

आठवड्यातून एकदा मुलं एकमेकांच्या कामाबद्दल बोलतात. नियम असा, की आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग चूक.

धनश्रीच्या पोस्टरसमोर रेहान बराच वेळ उभा राहिला.

"कागद चांगला आहे."

दोन दिवस अबोला!

*

ह्याच रेहानला त्याची दादी लहानपणापासून डोक्यावर घ्यायची. काहीही काढून नेलं की कागद डोळ्यांशी धरायची आणि म्हणायची, "माशाअल्लाह!" तिच्यामुळेच तो चित्रं काढत राहिला. पहिल्या पगारातून त्याने काय घ्यावं? दादीला चष्मा!

मग मोठ्या हौसेने आपली सगळी जुनी चित्रं तिच्यासमोर मांडली. दादीने एकेक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बेटा, इतने साल मैं इसको माशाअल्लाह बोल रही थी?"

त्या दिवसापासून रेहान रोज अर्धा तास आधी येऊन स्केचिंग करतो.

*

आणि सलोनीचा हा किस्सा.

अंधेरीतल्या एका मोठ्या कंपनीला त्यांच्या कँटीनच्या भिंतीसाठी चित्र हवं होतं. आमच्यासाठी एवढं मोठं काम पहिलंच. सलोनीने दोन डिझाइन केली होती आणि मांडणारही तीच होती. टॅक्सीत तिने मला चारदा विचारलं, "ताई, तिथे सगळे इंग्लिशमध्येच बोलतात का?"

मीटिंगमध्ये पाच जण होते. ती बोलायला लागली आणि छान बोलत होती. तेवढ्यात हाउसकीपिंगच्या मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. सलोनीचं वाक्य मध्येच तुटलं. मला वाटलं, घाबरली. मी टेबलाखालून तिचा हात दाबला.

त्यांच्या मोठ्या साहेबांना काही ठरवता येईना. डावं की उजवं? दोघे इकडे, दोघे तिकडे. शेवटी ते गमतीत म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगा. जेवायला तुम्हीही तिथेच बसता ना?"

मावशींनी ट्रे ठेवला. दोन्ही चित्रं नीट बघितली. सलोनीकडे मात्र बघितलं नाही.

"डावीकडचं घ्या. उजवीकडचं घाईत केलंय."

"घाईत नाही केलं!" सलोनी एकदम म्हणाली.

"केलंयस."

साहेबांनी एकदा सलोनीकडे बघितलं, एकदा मावशींकडे. "तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

मावशींनी पहिला कप सलोनीसमोर ठेवला.

"साहेब, सकाळी माझ्या पोळपाटावर कागद ठेवून रंगवलंय. आज आमच्या घरातल्या सगळ्यांच्या डब्यात चपात्या निळ्या आहेत!"