सासूबाईंचं सरबत आणि निळ्या खुणेचा नळ

आमच्या सासूबाईंचा श्रावणी सोमवार मोडायचा प्रयत्न आजवर दोघांनी केला. एक त्यांचे डॉक्टर आणि दुसरा मी. डॉक्टर त्यांनी बदलले. जावई बदलायची सोय नाही, म्हणून मी टिकून आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्या सांगलीहून आमच्याकडे डिस्कव्हरी गार्डन्सला आल्या. (ऑगस्टमध्ये दुबईला कुणी शहाणा माणूस येत नाही. पण सासूबाईंचं म्हणणं, "ऊन काय, सांगलीतही असतं!") त्यांचा उपवास कडक. दिवसभर अन्न नाही, नुसतं घरी केलेलं सरबत. बारा वाजता पूजा आटोपली की पहिला पेला, तोवर पाण्याचा थेंब नाही. बाराचे साडेबारा झाले की चक्कर येते, हे आम्ही पहिल्याच सोमवारी बघितलं होतं. बाटलीतलं, बाजारचं काही चालत नाही. आणि ज्या फ्रीजमध्ये सामिष आहे त्यातलं तर मुळीच नाही.

"फ्रीज चोख आहे ना हो, शिरीषराव?"

"आई, देवघरासारखा!" मी छातीठोकपणे सांगितलं. एवढ्यावर थांबायचं, तर वर म्हणालो, "आणि या सोमवारी तुमच्याबरोबर मीसुद्धा उपवास करणार."

बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. तेवीस वर्षांचा संसार त्या एका नजरेत होता.

सोमवारी बायको ऑफिसला गेली. मी घरूनच काम करत होतो. सासूबाई आत पूजेला बसल्या होत्या. अकरा वाजता फोनवर मेसेज आला. आमच्या ऑफिसातला वसईचा डॉमनिक विचारत होता, "खिमा कसा झाला होता?"

खिमा!

गुरुवारी त्याने प्रेमाने डबा दिला होता. श्रावणात आमच्याकडे चालत नाही, हे सांगायला अशा हबीबी, म्हणजे जिवलग मनुष्यापुढे तोंड उघडेना. मंगळवारी घरात कुणी नसताना निवांत खाऊ, अशा विचाराने मी तो मेथीच्या रिकाम्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये मागे सरकवला होता आणि साफ विसरलो होतो. धावत जाऊन फ्रीज उघडला. कोकम सरबताचं पातेलं होतं, आणि त्याला खेटून, अगदी सख्ख्या भावासारखी, मेथीची पिशवी!

सासूबाईंची चाळीस वर्षांची सोमवारांची साखळी माझ्या खिम्यापाशी तुटणार होती. मी पातेलं उचललं आणि अख्खं सरबत सिंकमध्ये ओतलं. फळीवरच्या डब्यातली कोकमं काढली, कुस्करली, साखर, मीठ, जिरेपूड घातली. अकरा पंचवीसला नवं सरबत तयार! रंग तोच, चव जवळपास तीच. फक्त अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट.

आता गार कसं करणार? फ्रीज बाद. बर्फ त्याच फ्रीजमधला, म्हणजे बर्फही बाटलेला. सोफ्यावर माझी मुलगी इरा मोबाइलमध्ये डोकं घालून पडली होती. मी कुजबुजलो, "इरा, फ्रीजशिवाय सरबत गार कसं करतात गं?"

"जस्ट ऑर्डर आइस, बाबा."

"बाहेरचं आजीला चालत नाही!"

"देन टेल हर द ट्रुथ."

हल्लीच्या मुलांना व्यवहार म्हणून कळत नाही.

शेवटी मला उपाय सुचला. आमच्या आजोळी दुधाचं भांडं पाण्याच्या घंगाळात ठेवायचे. आमच्याकडे घंगाळ नाही, पण बाथटब आहे! टबला बूच लावलं, पातेलं मधोमध ठेवलं, निळ्या खुणेचा नळ पूर्ण सोडला. तेवढ्यात मीटिंग लागली. "यल्ला शिरीष, वी आर वेटिंग," साहेब म्हणाले. मी लॅपटॉपपुढे बसून पंधरा मिनिटं मान डोलावली.

मग इराची किंकाळी आली. "बाबाऽऽ! देअर इज ब्लड इन द टब!"

धावत गेलो. टब काठोकाठ लालभडक. पातेलं पाण्यावर तरंगून कलंडलेलं. आणि वर चक्क वाफा! दुबईत उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उकळत असतं. निळ्या नळाला गरम येतं आणि गीझर बंद ठेवला की लाल नळाला गार. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तर इथे एकोणीस वर्षं अंघोळ करतोय!

"कोण कापलं गेलं?" सासूबाई दारात उभ्या. पूजा झाली होती. घड्याळात बारा.

मग मात्र मी सगळं सांगितलं. डॉमनिक, खिमा, मेथी, सिंक, नळ. शेवटी म्हणालो, "आई, माझ्यामुळे आज तुमचा घसा कोरडा."

सासूबाईंनी टबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डबा मला कालच दिसला. मेथीच्या पिशवीत मेथी नाही हे पिशवी उचलल्यावर कळतं हो! माझं सरबत माझ्या खोलीत आहे. एसीखाली, ओलं फडकं गुंडाळून."

"मग मी ओतलं ते?"

"ते तुमचं. तुम्ही उपवास करणार होतात ना? तुम्हाला खिम्याशेजारचं चालतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं."

त्यांनी खोलीतून तांब्या आणला. बारा वाजून सात मिनिटांनी पहिला पेला झाला. चक्कर नाही, काही नाही. मग अर्धा पेला माझ्यापुढे सरकवला. सरबत असं गार होतं, की दाढ ठणकली!

तेवढ्यात सांगलीहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मावशी आता विसराळू झाल्यात. दर सोमवारी त्या एकच प्रश्न विचारतात, "तुझा जावई काय काम करतो गं तिकडे?"

"एसीचे इंजिनिअर आहेत ताई. पन्नास-पन्नास मजली इमारती गार करतात," सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं. मग फोन जरा तोंडाजवळ घेतला. "पातेलं अजून जमत नाही."